तवशाचे धोंडस

सिंधुदुर्गात पाहुणे येतात ते मे महिन्यात आंब्यासाठी, नाहीतर डिसेंबरात समुद्रासाठी. आश्विनात फारसे कोणी येत नाही. पाऊस गेला म्हणावा तर संध्याकाळी सह्याद्रीकडे ढग गडगडतात, आणि आहे म्हणावा तर दुपारी उन्हाने अंगाची लाही होते. आम्ही मात्र गेली कित्येक वर्षे मुलांच्या सहामाही परीक्षा संपल्या की मालवणकडेच निघतो. घरातल्या प्रत्येकाला विचारले तर प्रत्येक जण वेगळे कारण सांगेल. कुणाला खाडी, कुणाला मासे, कुणाला नुसती झोप. पण फुफीच्या चुलीवरचे गरम धोंडस सगळ्यांच्या यादीत असते.

कोकणकन्येने रात्री मुंबई सोडायची, सकाळी कुडाळला उतरायचे आणि मालवणची एसटी धरायची. नेरूरपारला कर्ली नदी ओलांडली की रस्ता काळसे, धामापूर, चौके असा झाडीतून जातो. धामापूरचा तलाव १५३० साली बांधला असे सांगतात. या दिवसांत तो काठोकाठ भरलेला असतो आणि त्याच्याभोवतीची झाडी इतकी हिरवी असते की डोळ्यांना थंडावा वाटतो. दोन्ही बाजूंना भाताचे मळे पिवळे पडलेले. काही ठिकाणी कापणी सुरू झालेली, काही ठिकाणी पाऊस पुन्हा येतो की काय म्हणून लोक आभाळाकडे बघत थांबलेले. इंग्लंड-अमेरिकेत शरद म्हटला की झाडांची पाने लाल-पिवळी होतात. आपल्या कोकणात झाड हिरवेच राहते, रंग बदलते ते शेत. आणि त्या शेताच्या कडेला, भरडी जमिनीवर किंवा परसातल्या मांडवावर, वेल सुकू लागतो आणि त्याखाली तवशी पिवळी पडतात.

तवसे म्हणजे पावसाळी काकडी. पण मुंबईच्या बाजारातली वीतभर काकडी डोळ्यांपुढे आणू नका. चांगले तवसे हातभर लांब, मांडीएवढे जाड असते. कोवळे असते तेव्हा हिरवे. पिकले की पिवळे आणि मग सालीवर तपकिरी जाळी धरलेले. मृगाचा पाऊस झाला की बी लावतात, श्रावण-भाद्रपदात कोवळी फळे कोशिंबिरीला निघतात, आणि जी मुद्दाम वेलावर राखली जातात ती आश्विनात धोंडसासाठी. ही राखलेली तवशी केळीच्या सोपाने किंवा सुंभाने बांधून घराच्या वाशांना टांगतात. जमिनीवर ठेवली तर टेकलेल्या बाजूने कुजतात, टांगली तर वारा लागून दिवाळीपर्यंत आणि त्याच्याही पुढे टिकतात. लहानपणी फुफीच्या पडवीत झोपलो की डोक्यावर ही तवशी एका रांगेत लोंबत असत. रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांच्या सावल्या हलायच्या आणि आम्ही चादर डोक्यावर ओढून घ्यायचो.

काकडीला आपण भाजी समजतो, पण वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने ती फळच आहे. भोपळा, कलिंगड, चिबूड यांच्या कुळातले. मूळचीही आपल्याच देशाची, हिमालयाच्या पायथ्याशी तिचे रानटी भाऊबंद अजून उगवतात. तिचा आणखी एक कडू नातेवाईक मालवणात सगळ्यांना ओळखीचा आहे: कारीट. नरकचतुर्दशीला, ज्याला इकडे चावदिस म्हणतात, आमचे हिंदू शेजारी पहाटे अंघोळ करून तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडतात. त्याच दिवशी घरोघर नव्या भाताचे पोहे होतात, तिखट, गोड, दह्यातले, ताकातले, आणि सकाळी आठच्या आत फुफीच्या ओट्यावर तीन-चार घरची ताटे येऊन पोचतात. ती ताटे रिकामी परत करायची नाहीत हा जुना रिवाज. त्यात फुफी धोंडसाचे तुकडे घालून पाठवते.

आता या गोष्टीत सफरचंद कसे आले ते सांगतो.

फुफीचा मुलगा इंग्लंडात बर्मिंगहॅमला असतो. आपल्या कोकणी मुसलमानांची कितीतरी घरे आता त्या बाजूला आहेत. त्याची मुलगी दोन वर्षांपूर्वी तिकडच्या ऑक्टोबरच्या आठवडाभराच्या शाळेच्या सुट्टीत दादीकडे आली. तिला दादीसाठी काहीतरी करायचे होते. तिच्या मते ऑक्टोबर म्हणजे ॲपल क्रंबल. सफरचंदाच्या फोडी भांड्यात पसरायच्या, त्यावर पीठ, लोणी आणि साखर बोटांनी चुरून केलेला भुगा घालायचा आणि भट्टीत भाजायचे. खाली फळ शिजून मऊ होते, वर भुगा कुरकुरीत होतो. अमेरिकेत त्याच भुग्यात ओट घालतात आणि त्याला क्रिस्प म्हणतात. तिकडे जानेवारी १९४० पासून लोणी, साखर रेशनवर होती. अशा दिवसांत पायचे अख्खे पारीसारखे आवरण लाटण्यापेक्षा थोड्या पिठात आणि थोड्या लोण्यात होणारा हा पदार्थ घरच्या बायकांना परवडणारा होता. थोडक्यात, हा श्रीमंतांचा पदार्थ नव्हे. झाडाखाली पडलेली फळे आणि डब्यातले उरलेले पीठ, एवढ्यावर तो उभा आहे.

मालवणच्या बाजारात सफरचंदे मिळतात. हिमाचल आणि काश्मीरची, दोन हजार किलोमीटरहून जास्त अंतर ट्रकने आलेली. मुलीने एक किलो आणली. त्याच बाजारात चिबुडाचे शेवटचे ढीग होते, पपनसे होती, केळीचे घड होते. फुफीने सफरचंदांचा भाव विचारला आणि काही बोलली नाही. घरात ओव्हन नाही. मुलगी हिरमुसली. तेव्हा फुफीने वाशाकडे बोट दाखवून एक तवसे खाली काढायला सांगितले आणि म्हणाली, “भट्टी नाय, पण इस्तो आसा.”

मालवणीत इस्तो म्हणजे विस्तव. आणि धोंडसाची सगळी विद्या त्या इस्त्यात आहे.

तवसे कापले की आधी देठाकडचा तुकडा चाखायचा. हे चुकवायचे नाही. पिकलेले तवसे कधी कधी कडू निघते, आणि एकदा का ते किसून गुळात गेले की काही इलाज उरत नाही. फुफीच्या शब्दांत, “तवसा कडू निघाला तर सगळो गूळ फुकट.” फार कडू काकडी पोटालाही त्रास देते, म्हणून ती सरळ टाकून द्यावी. गोडे असेल तर साल काढायची, मधला गर आणि बिया काढून वेगळ्या ठेवायच्या (या बियांकडे पुढे वळणार आहोत), आणि पांढरा भाग जाडसर किसायचा. किसाचे पाणी पिळून काढायचे नाही. धोंडसात वेगळे पाणी घालत नाहीत, रवा शिजतो तो तवशाच्याच पाण्यावर.

रवा तांदळाचा, जाड्या तांदळाचा, घरी जात्यावर किंवा मिक्सरवर भरडलेला. तो तुपावर खमंग भाजून घ्यायचा. किसात गूळ घालून मंद आचेवर विरघळू द्यायचा, मग रवा, चिमूटभर हळद, मीठ, थोडे नारळाचे दूध. ढवळत राहायचे. मिश्रण सैल खिचडीसारखे झाले की उतरवून त्यात ओले खोबरे, काजूचे तुकडे आणि वेलची. काजू म्हणाल तर तोही बाहेरून आलेला पाहुणाच, पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला. आज वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या जातींची कलमे जिल्हाभर डोंगरउतारांवर उभी आहेत, आणि काजू परका होता असे म्हटले तर इथे कोणी विश्वास ठेवणार नाही.

टोपाला आतून तूप लावून हळदीची पाने पसरायची. आश्विनात ती परसात असतातच. मिश्रण ओतायचे, वर पुन्हा एक पान, आणि जड झाकण. मग चुलीतली लाकडे ओढून घ्यायची, खाली फक्त थोडे निखारे ठेवायचे आणि झाकणावर करवंट्यांचे लालभडक निखारे रचायचे. करवंटीचा निखारा लाकडाच्या निखाऱ्यापेक्षा कडक. नारळाची सोडणे वापरली तर धूर फार होतो, म्हणून ती खाली चूल पेटवायला, वर नाही. फुफी हे दर वर्षी नव्याने सांगते, जणू आम्ही पहिल्यांदाच आलो आहोत: “वरचो इस्तो जास्ती, खालचो कमी. उलटा केलात तर तळ करपतलो आणि माथो कच्चो रवतलो.”

ती बिस्मिल्लाह म्हणून झाकण ठेवते आणि त्यानंतर कोणालाही उघडू देत नाही. घड्याळ बघत नाही. अस्रच्या नमाजानंतर टोप चढला तर मगरिबच्या आधी उतरतो, एवढाच हिशेब. मधे एकदा झाकणावरचे निखारे फुंकून राख झटकते आणि वास घेते. आधी नुसता गुळाचा वास येतो, मग हळदीच्या पानाचा, आणि शेवटी कडेचा गूळ करपण्याच्या एक पाऊल आधीचा जो खमंग वास येतो, तेव्हा उतरवायचे. कडेची आणि तळाची ती तांबूस, चिवट-कुरकुरीत खरपूस पट्टी हाच या पदार्थातला मानाचा भाग. मुलांची भांडणे होतात ती त्यासाठी. मधला मऊ भाग मोठ्यांच्या वाट्याला येतो, आणि दात गेलेल्यांना तोच आवडतो, म्हणजे वाटणी आपोआप बरी होते.

बर्मिंगहॅमच्या मुलीने हे सगळे चुलीपाशी बसून पाहिले आणि म्हणाली, “दादी, वर भुगा घालूया ना?” फुफीच्या धोंडसावर आजवर कधी काही घातले गेले नव्हते. आम्हाला वाटले ती नाही म्हणेल. तिने विचार केला आणि डब्यातले जाडे पोहे काढून दिले. नव्या भाताचे, आदल्या दिवशीच कांडून आलेले. मुलीने ते कोरडेच भाजून हाताने चुरले, त्यात खोबऱ्याचा कीस, काजूचा चुरा, थोडा गूळ आणि तूप घालून बोटांनी चोळले, अगदी तिकडे पीठ-लोणी चोळतात तसे. धोंडस निम्मे भाजून झाल्यावर, फुफीने आयुष्यात पहिल्यांदा झाकण मधेच उघडले, वरचे पान काढले आणि भुगा पसरला. झाकण बंद, वर ताजे निखारे.

आमचे स्पष्ट मत सांगतो. नुसते जुने धोंडस जास्त चांगले की भुग्याचे, यावर घरात दोन पक्ष आहेत. कुरकुरीत माथा आणि खाली ओलसर, कोमट तवसे हा मेळ झकास जमतो, विशेषतः वरून नारळाचे घट्ट दूध घातले तर. पण दुसऱ्या दिवशी भुगा मऊ पडतो, आणि शिळे धोंडस तुपावर परतून खाण्याचा जो आनंद आहे तो त्यात नाही. म्हणून भुग्याचे करायचे तर त्याच संध्याकाळी गरम संपवावे. सफरचंदांचे काय झाले म्हणाल तर ती मुलांनी नुसती खाल्ली.

शहरातल्या वाचक भगिनींसाठी आमच्या घरचे माप देतो. किसलेले तवसे पाण्यासकट ४ वाट्या, तांदळाचा जाड रवा २ वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी, ओले खोबरे १ वाटी, नारळाचे दूध अर्धी वाटी, काजू अर्धी वाटी, तूप ४ चमचे. भुग्यासाठी जाडे पोहे १ वाटी, खोबरे अर्धी वाटी, गूळ आणि तूप प्रत्येकी २ चमचे, मूठभर काजू. ओव्हन असेल तर १८० अंशांवर सुमारे ४० मिनिटे, मग भुगा पसरून आणखी १५ ते २० मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे भांडे जुन्या लोखंडी तव्यावर ठेवून अगदी मंद गॅसवर तासभर भाजावे. माथ्याला रंग येणार नाही, म्हणून भुगा वेगळा कढईत परतून वाढताना घालावा. पिकलेले तवसे मिळाले नाही तर मोठी, जून काकडी चालते. कोवळ्या काकडीचे पाणी फार सुटते आणि चव लागत नाही. दुधी भोपळ्याचे कोणी करतात म्हणे. करोत.

धोंडस आमच्या घरी ईदचा पदार्थ नाही. ईदला शिरखुर्मा, हे ठरलेलेच. पण आपले सण चंद्राच्या हिशेबाने दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात, आणि फिरत फिरत कधी तरी आश्विनात येतात. २००५ आणि २००६ साली दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात आली होती. त्या दोन वर्षी सगळा रमजान तवशांच्या हंगामात गेला. रोजा सोडायला खजूर, मग पाणी, आणि मग केळीच्या पानावर धोंडसाचा कोमट तुकडा. दिवसभराच्या ऑक्टोबरी उकाड्यानंतर तवशाचा तो गारवा पोटाला फार बरा वाटायचा. मशिदीत इफ्तारीला फुफीचा मोठा टोप जायचा. आणि चावदिसाची पोह्यांची ताटे घेऊन येणाऱ्या शेजारणी त्या वर्षी सकाळी आल्या नाहीत. रोजे आहेत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून मगरिबच्या अजानाची वाट पाहून मगच आल्या. कुणी सांगितले नव्हते.

हा योग पुन्हा २०३८ च्या आसपास येईल. फुफी आज ७९ वर्षांची आहे, आणि हा हिशेब तिनेच आम्हाला करून दाखवला, बोटांवर, हसत.

हसण्यावारी नेले तरी प्रश्न आहेच, आणि तो आहे बियांचा. फुफीच्या तवशाचे बी तिच्या सासूकडून आलेले. दर वर्षी सगळ्यात मोठे, गोडे निघालेले तवसे बियांसाठी ठेवायचे. गर दोन दिवस आंबू द्यायचा, धुऊन घ्यायचा, बुडाशी बसलेले भरीव बी तेवढे घ्यायचे, राखेत चोळून सावलीत वाळवायचे आणि कापडात बांधून चुलीच्या वर, धूर लागेल असे टांगायचे. कोकणच्या दमट हवेत डब्यात ठेवलेले बी टिकत नाही. म्हणजे दर एक-दोन वर्षांनी ते लावावेच लागते. लावणे सोपे, राखणे कठीण. एक तर माकडे. टोळी उतरली की कोवळी तवशी अर्धी खाऊन अर्धी फेकून जाते, आणि त्यापायी वाडीतल्या चार घरांनी मांडवच घालणे सोडले. दुसरे असे की काकडीच्या वेलावर नर-मादी फुले वेगळी असतात आणि मधमाशी ज्या वेलावरून येईल त्याचे परागकण घेऊन येते. जवळपास कोणी पिशवीतले हायब्रीड बी लावले असेल तर पुढल्या वर्षी फुफीच्या वेलाला काय लागेल सांगता येत नाही. दोन वर्षांपूर्वी एका वेलाला आखूड, हिरवीच राहणारी फळे लागली. तिने त्यांचे बी ठेवले नाही.

आणि यंदा मुलगा तिला बर्मिंगहॅमला नेतो आहे. गुडघे साथ देत नाहीत, तिकडे डॉक्टर आहेत, नातवंडे आहेत. सहा महिन्यांसाठी म्हणतो. सहा महिने म्हणजे मे. पण मे महिन्यात परत येणार की नाही हे कोणी स्पष्ट बोलत नाही. घराला कुलूप लागले तर जूनमध्ये मांडव कोण घालणार?

आम्ही म्हटले, आम्हाला बी द्या. फुफीने आमच्याकडे पाहिले. आम्ही मिरा रोडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. “बी व्हया तर ने. पण लावतलात खंय?”

बाल्कनीत डबा ठेवता येईल, असे आमच्यातल्या धाकटीने सांगितले. फुफीने तिला पाच बिया दिल्या, मोजून. मग पुडी बांधून ती शेजारच्या वैनींकडे गेली, आणि तिच्या काठीला आधार द्यायला आम्हीही गेलो. वैनींच्या घरी माकडांसाठी जाळी बसवलेली आहे, आणि त्या घरच्या सुनेला शेतीची हौस आहे. व्यवहार पडवीत उभ्या उभ्याच झाला. अर्धे बी त्या लावतील, अर्धे राखेत ठेवतील. आसपास हायब्रीड काकडी लावायची नाही, एवढी एकच अट फुफीने घातली. सुनेने विचारले, “चाची, कडू निघाला तर?” फुफी म्हणाली की देठाकडून चाखायचे, आणि कडू निघाले त्याचे बी टाकायचे, कितीही मोठे असले तरी. मांडवाला लागणारे बांबू फुफीच्या परसातून न्यावेत, असेही ठरले. सून लगेच कोयती घेऊन निघाली, पण बांबू पावसात भिजलेले होते. दिवाळी झाल्यावर, चांगले ऊन लागले की तोडू, असे वैनींनी सांगितले.